कोपरा कापलेला रॅक

श्रीरंग हळबे कुणालाही पहिल्यांदा भेटले की सांगायचे, "मी मेडिकल लाइनमध्ये आहे." समोरचा माणूस लगेच सावरून बसायचा. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या आमच्या मराठी मंडळात त्या काळी डॉक्टर म्हटलं की खुर्ची रिकामी व्हायची आणि वाटीत एक गुलाबजाम जास्त पडायचा. मग कुणीतरी विचारायचं, "कुठलं हॉस्पिटल?" श्रीरंगभावजी चष्मा पुसत म्हणायचे, "हॉस्पिटल नाही. आम्ही रॅक बनवतो." तोवर गुलाबजाम वाटीत पडलेला असायचा आणि तो काही परत काढून घेता यायचा नाही. वैद्यकशास्त्राकडून त्यांना झालेला फायदा एवढाच.

हे रॅक म्हणजे रक्ताच्या नळ्या उभ्या ठेवायचे स्टँड. टायरच्या एका दुकानामागे लांबट शेड होती. तिथे नोव्हाक नावाच्या म्हाताऱ्याचा छोटा कारखाना होता. नळ्यांचे रॅक, ऑपरेशनच्या कात्र्या आणि चिमटे हलू नयेत म्हणून रबर लावलेले ट्रे, बाटल्या पकडायचे चाप, असला सगळा माल तिथे तयार व्हायचा. सांगलीहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आलेले श्रीरंग हळबे तिथे डिझाइन करायचे. म्हणजे कुठे भोक पाडायचं आणि किती पाडायचं ते ठरवायचे.

आता माझं सांगते. मी लतिका. नागपूरहून बी. एस्सी. करून आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि काउंटीच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून लागले. ही गोष्ट शहाऐंशी सालची. तेव्हा मला त्या नोकरीत चौदा वर्षं झाली होती. रोज सकाळी दीडशे-दोनशे नळ्या माझ्या हातून जायच्या. मंडळाच्या पार्ट्यांना डॉक्टर लोक लिव्हिंग रूममधल्या सोफ्यावर बसत, इंजिनिअर खाली बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर, आणि आम्ही बायका किचनमध्ये. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी मोडतही नव्हतं. श्रीरंगभावजी मात्र कुठेच बसत नसत. हातात ताट घेऊन लिव्हिंग रूमच्या दारात उभे राहायचे, चुकून बोलावलंच तर आत जाता यावं म्हणून.

ताटावरून आठवलं. या माणसाला ताटाचं वेड होतं. त्यांचे वडील सांगलीच्या एका मंगल कार्यालयात वाढप्यांवर देखरेख करायचे. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, यात इकडचं तिकडे झालं तर वडील वाढप्याला पंगतीतून हाकलायचे. मुलाने ते अमेरिकेत आणलं. कप्प्यांच्या कागदी प्लेटमध्येसुद्धा ते डावं-उजवं सांभाळायचे. स्वतःच्या प्लेटमध्ये सांभाळलं तर एक वेळ ठीक, पण शेजारी उभ्या माणसाची प्लेटही बोलता बोलता हाताने फिरवून सरळ करायचे. माझे यजमान गिरीश म्हणायचे, "हळब्यांच्या शेजारी उभं राहून जेवू नये, घास चुकतो."

पण त्याच वेडातून त्यांना एक खरी गोष्ट सुचली, हे मला कबूल करायलाच हवं. त्यांच्या लक्षात आलं, की ताट कुणी उलटं फिरवून ठेवलं तर जेवणाऱ्याला बघताक्षणी कळतं. नळ्यांचा रॅक मात्र उलटा फिरवला तर कुणालाच कळत नाही. चार ओळी, प्रत्येक ओळीत दहा भोकं, चारी कोपरे सारखे. उचलताना हात बदलला की पहिली नळी चाळिसावी होते, चाळिसावी पहिली होते, आणि रॅक दिसतो तस्साच. म्हणून त्यांनी एका कोपऱ्यात तिरका काप दिला. रॅक ज्या ट्रेमध्ये बसतो त्या ट्रेलाही तसाच तिरका कोपरा केला. उलटा धरला तर रॅक ट्रेत बसतच नाही. झालं, एवढंच.

नोव्हाकने तो रॅक हातात घेऊन चार वेळा फिरवून पाहिला आणि एक पिवळा फॉर्म काढून दिला. म्हणाला, "कुणाकडून तरी वापरून घे, सही आण. मग साचा बनवू." आठ वर्षं दुसऱ्यांच्या वस्तूंना भोकं पाडण्यात गेली होती. पहिल्यांदाच स्वतःची एक वस्तू जगात यायची होती, आणि मध्ये फक्त एक सही होती. श्रीरंगभावजींनी तो फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवला. "हात्तिच्या, एक सही ना? आपल्या मंडळात चाळीस डॉक्टर आहेत," असं घरी जाऊन पद्मिनीला म्हणाले. पद्मिनी त्यांची बायको, माझी जवळची मैत्रीण, त्यामुळे मला सगळं कळायचं.

ते चाळीस डॉक्टर त्यांनी वर्षभर पालथे घातले. हृदयरोगवाल्यांच्या गॅरेजचं दार दुरुस्त करून दिलं. ते म्हणाले, "व्हेरी इंटरेस्टिंग," आणि दार वर-खाली करून बघत राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांचं गवत कापायचं मशीन चालू करून दिलं. त्यांनी फॉर्म हातात घेतला, त्यावर बर्फीचा तुकडा ठेवला आणि खाऊन झाल्यावर परत केला. दाताचे डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे नळ्या नसतात. मानसोपचारवाल्यांनी त्यांना तासभर समोर बसवून विचारलं, की हा कोपरा कापावासा तुला नेमका केव्हापासून वाटायला लागला. हद्द म्हणजे ते नवीन आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. एकानेही सही केली नाही. नाही असंही कुणी म्हणालं नाही. आपल्या लोकांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, ते "बघू या ना" म्हणतात.

या सगळ्या वर्षात ते आमच्या घरी किमान वीस वेळा जेवले. माझ्या हातची वांग्याची भाजी त्यांना फार आवडायची. खिशातली पिवळी घडी मला दिसायची. मी मनात म्हणायची, विचार की मला. रोज दोनशे नळ्या मी हाताळते, तुझ्या त्या हृदयरोगवाल्याने रॅक शेवटचा कधी उचलला असेल? पण माझ्याकडे बघून ते म्हणायचे, "वहिनी, भाजी फर्स्ट क्लास." मग माझाही हट्ट पेटला. विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नव्हते.

आणखी एक गोष्ट मी कधी बोलले नाही. आमच्या लॅबमधल्या प्रत्येक रॅकच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला मी लाल चिकटपट्टी लावायची. पहिल्याच वर्षी एकदा रॅक उलटा फिरून माझी फजिती झाली होती, तेव्हापासून. भावजींनी जे शोधून काढलं ते मी तेरा वर्षं करत होते. चिकटपट्टीचं रीळ माझ्या पर्समध्येच असायचं.

एप्रिलमध्ये मंडळाने आरोग्य शिबिर काढलं. कल्पना डॉ. चंद्रशेखर राजोपाध्ये यांची. हे पॅथॉलॉजिस्ट, एका मोठ्या लॅबचे प्रमुख, वर्षभर भावजींना भेटीची वेळच न दिलेले एकमेव डॉक्टर, आणि येत्या निवडणुकीत मंडळाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार. शाळेच्या कॅफेटेरियात रविवारी सकाळी उपाशीपोटी यायचं, रक्त द्यायचं. साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तगट, सगळं फुकट. श्रीरंगभावजींचे डोळे चमकले. चाळीस माणसं, चाळीस नळ्या, एक रॅक आणि समोर खुद्द पॅथॉलॉजिस्ट! यापेक्षा चांगला योग कुठला?

कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न निघाला तो नळ्यांवर नावं लिहायची की नाही. जगात कुठेही हा प्रश्न निघत नाही. आमच्याकडे निघाला, कारण नळीवर नाव आलं की कुणाची साखर किती ते कमिटीला कळणार, आणि कमिटीला कळलं की ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात कळणार. एकाच्या मुलीचं लग्न जमत होतं, त्याला वडिलांची साखर बाहेर जायला नको होती. शेवटी डॉ. राजोपाध्येंनीच तोडगा काढला. नावच नको. रॅकमध्ये जिथे नळी तोच नंबर, आणि नंबराची यादी पाकिटात बंद.

मी म्हटलं, "डॉक्टर, नळीवर निदान नंबर तरी चिकटवू या. आमच्याकडे कोऱ्या नळीला कुणी हातसुद्धा लावत नाही."

ते हसून म्हणाले, "लतिका, यू जस्ट पोक. बाकी आमच्यावर सोड."

मी सोडलं. पुरतं सोडलं.

शिबिराच्या दिवशी बाहेर फुटपाथवर नारळ फुटला. आत उदबत्ती लावली तर फायर ब्रिगेड येते, हे आदल्या वर्षीच्या गणपतीत कळलं होतं. श्रीरंगभावजी आपला रॅक पांढऱ्या रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. घरी बेसमेंटमध्ये स्वतः कानस मारून चकचकीत केलेला होता. डॉक्टरांनी रुमाल उघडला आणि म्हणाले, "हळबे, हा कोपऱ्यात तुटलाय."

"तुटला नाही डॉक्टर, मुद्दाम कापलाय. म्हणजे बघा, ताटात जसं मीठ..."

"अरे, फोटोत वाईट दिसेल. मंडळाच्या अंकात छापायचाय." त्यांनी आपल्या लॅबमधून आणलेला पांढराशुभ्र, चारी कोपरे धड असलेला रॅक टेबलावर ठेवला. भावजींनी आपला रॅक परत रुमालात गुंडाळला. त्यांच्याकडे दारातली नावनोंदणी आणि नंतर पाकिटं भरायचं काम दिलं होतं, ते करायला गेले. चेहरा बघवत नव्हता. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. आता कळेल समोर असून न दिसणं म्हणजे काय, असं काहीतरी.

पहिलं रक्त डॉ. राजोपाध्येंनी स्वतःचं दिलं, फोटोग्राफरकडे बघत. शेवटचं, चाळिसावं, वीणाचं. वीणा बँकेत काम करणारी, काडीसारखी बारीक मुलगी. सुईच्या भीतीने ती येईल त्याला पुढे सोडत राहिली होती. मी चाळिसावी नळी रॅकमध्ये ठेवली. तेव्हा माझी पर्स पायाशी होती आणि पर्समध्ये लाल चिकटपट्टी होती. एक तुकडा फाडून कोपऱ्याला लावायला दोन सेकंद लागले असते. मी लावला नाही. म्हटलं, बाकी त्यांच्यावर सोडलंय ना? बघू या काय करतात ते.

डॉक्टर रॅक गाडीच्या डिकीत घालून घेऊन गेले. कुठेतरी गाडीतून काढताना किंवा टेबलावर ठेवताना तो फिरला. कुणी फिरवला असं नाही, उचलताना हात बदलला एवढंच.

आठ दिवसांनी पाकिटं वाटली गेली. डॉ. राजोपाध्येंची साखर नव्वद. काडीसारख्या वीणाची दोनशे ऐंशी. डॉक्टरांनी त्या आठवड्यात मंडळात आहारावर भाषण दिलं आणि भाषणानंतर दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. वीणाच्या घरी तिच्या नवऱ्याने, अतुलने, साखरेचे डबे माळ्यावर टाकले. तिच्या मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला आम्ही गेलो तर आईने केकला हात लावला नाही. मी त्या पोरीला विचारलं, "काय गं, आई का नाही खात?" ती कानात म्हणाली, "मॉमी इज व्हेरी सिक. बट वी आर नॉट सपोज्ड टू टेल." वीणा खिडकीपाशी उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिचे वडील याच आजारात पाय गमावून गेले होते, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिला एका शब्दाने विचारलं नाही, कारण तिची साखर मला पद्मिनीकडून कळली होती, खरं तर माहीत असायला नको होती.

चूक सापडली ती पद्मिनीमुळे. तिचा नंबर सातवा. कागदावर रक्तगट लिहिला होता बी पॉझिटिव्ह. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी ओ निगेटिव्ह आहे. श्रीरामच्या बाळंतपणात मला त्याचं इंजेक्शन दिलं होतं, विसरलात?" पुरुषांना आपला रक्तगट माहीत नसतो. इथे बाळंत झालेल्या बाईला तो पाठ असतो. भावजींनी पद्मिनीला आणखी पाच बायकांना फोन करायला लावला. सहापैकी सहाजणींचे गट चुकलेले. मग त्यांनी निकालांची कार्बन कॉपी काढली आणि कागद टेबलावर उलटा फिरवला. खालून वर वाचत गेले. सात नंबरला चौतिसावा निकाल आला, ओ निगेटिव्ह. सहाच्या सहा बरोबर जमले. पद्मिनी सांगते, ते एवढंच म्हणाले, "ताट फिरलं गं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते सरळ डॉ. राजोपाध्येंच्या घरी गेले. डॉक्टरांनी कागद उलटा धरला, पहिल्या नंबराशी नजर थांबली आणि दोनशे ऐंशी दिसल्यावर त्यांना घाम फुटला. पॅथॉलॉजिस्टच होते, समजावून सांगायची गरज नव्हती. मग म्हणाले, "हळबे, तुझा तो फॉर्म आण. मी सही करतो. मस्त डिझाइन आहे यार तुझं, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. फक्त हे आता उकरू नकोस. इलेक्शन होऊ दे. जूनमध्ये आपण फॉलो-अप म्हणून सगळ्यांचं परत रक्त घेऊ, गाजावाजा न करता."

त्याच दुपारी भावजी आमच्या दारात उभे राहिले. गिरीश खरेदीला गेले होते, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ते किचनच्या खुर्चीत बसले, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा. टेबलावर पिवळा फॉर्म आणि उलटी यादी शेजारी शेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं.

"वहिनी, वर्षभर नाक घासलं, आता चालून येतेय सही. घेऊ का?"

"आणि वीणाचं काय?"

"जूनपर्यंतच ना. सहा आठवडे."

"तिच्या घरचे साखरेचे डबे माळ्यावर आहेत भावजी. ती रोज रडते. आणि तो गडी दोनशे ऐंशी घेऊन श्रीखंड खातोय."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी फॉर्म हातात घेतला. वर्षभर खिशात पाहिलेली ती घडी मी पहिल्यांदाच उघडत होते. बर्फीच्या तुपाचा डाग अजून होता. सहीच्या जागेवर इंग्रजीत छापलं होतं: लॅबमध्ये ही वस्तू रोज हाताळणाऱ्या व्यक्तीची सही. मी दोनदा वाचलं.

"यात डॉक्टर कुठे लिहिलंय?"

त्यांनी फॉर्म ओढून घेतला. चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला. नोव्हाकने 'कुणाकडून तरी' म्हटलं होतं. या माणसाने घरी पोचेपर्यंत त्याचा डॉक्टर केला होता, आणि पुढे वर्षभर ती ओळ वाचायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

"म्हणजे तुम्ही..." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही रोज हाताळता."

"चौदा वर्षं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

हे मी फणकाऱ्याने म्हटलं. उठून पर्स आणली, लाल चिकटपट्टीचं रीळ त्यांच्यासमोर ठेवलं आणि कोपऱ्याचं सांगितलं. शिबिराच्या दिवशी ती पायाशीच होती, हेही सांगितलं. मला लाज वाटत होती. डॉक्टरांनी मला टोचण्यापुरतं ठेवलं, भावजींनी भाजीपुरतं, म्हणून मी रागाने दोन सेकंदांचं काम केलं नाही, आणि तो राग फेडला वीणाने. भावजी रीळ बोटांत फिरवत राहिले.

मग मी भिंतीवरचा फोन घेतला. आधी वीणा. अतुलने उचलला, मी म्हटलं तिलाच दे. तिला सांगितलं, तुझी साखर नव्वद आहे, यादी उलटी वाचली गेली, चूक आमची, उद्या माझ्या लॅबमध्ये ये, मी नावासकट परत करते. मग ती एवढंच म्हणाली, "लतिकाताई, केक थोडा उरलाय फ्रीजमध्ये." बाकीचे सदतीस फोन आम्ही वाटून घेतले. पद्मिनीला कळलंच होतं. डॉ. राजोपाध्येंना स्वतःचा आकडा माहीत होता. तरी मी त्यांना फोन केला आणि औषध घ्या म्हणून सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला. सहीचा विषय त्यांच्याकडून तिथेच संपला.

संध्याकाळी शेवटचा फोन झाल्यावर भावजींनी खिशातून पेन काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं, देवापुढे धरावं तसं. मी सही केली. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. सहीखाली आणखी एक रकाना होता, हुद्द्याचा. मी पेन टेकवलं तेवढ्यात ते पुढे वाकले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "टेक्निशियनऐवजी सुपरवायझर लिहा ना. जरा वजन पडेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग रकान्याच्या बाहेर जाईल एवढ्या मोठ्या अक्षरात टेक्निशियन लिहिलं, आणि फॉर्म त्यांच्यासमोर सरळ फिरवून ठेवला.